९७ की ९९?

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा आजवरचा सर्वांत मोठा बचावपटू कोण, हा वाद शेवटी दोन नावांवर येऊन ठेपतो: ९९ क्रमांकाचा ह्यू ग्रीन आणि ९७ क्रमांकाचा ॲरन डोनाल्ड.

हा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका देत पुढे सरकण्याचा अमेरिकी खेळ. चढाईचे अकरा खेळाडू वेगळे, बचावाचे अकरा वेगळे. कबड्डीत टाळ्या चढाईपटूला मिळतात आणि सामना कोपऱ्यातली पकड फिरवते, तसंच इथंही असतं. चढाईची सूत्रं हलवणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच लोळवलं, की तो ‘सॅक’.

डोनाल्ड पिट्सबर्गचाच मुलगा. आतल्या फळीत खेळायला उंची कमी, असं त्याच्याबद्दल बोललं जाई. २०१३च्या हंगामात त्याने ११ सॅक केले आणि देशातले चार मोठे पुरस्कार एकट्याने नेले. पुढे व्यावसायिक एनएफएलमध्ये तो तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. वाद इथेच बिघडतो. ही नंतरची कीर्ती लोक नकळत कॉलेजच्या खात्यात जमा करतात. मला हे मान्य नाही. प्रश्न पिट्सबर्गच्या मैदानावरचा आहे आणि त्याच्या २०१३च्या संघाने १३ पैकी ६ सामने गमावले होते. त्यात त्याचा दोष नव्हता, हेही तितकंच खरं.

आकड्यांनी निकाल लावावा, तर तीही सोय नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये बचावाची अधिकृत राष्ट्रीय आकडेवारी ठेवायला सुरुवात झाली ती २००० साली. ग्रीन खेळला १९७७ ते १९८०. त्याचे सॅक विद्यापीठाच्या वहीत आहेत, पण डोनाल्डच्या आकड्यांशेजारी ते मांडणं अन्यायाचं.

मग त्या काळाने ग्रीनला काय मानलं, ते बघावं. ग्रीन सलग तीन वर्षं सर्वानुमते अखिल अमेरिकी संघात, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या मानाच्या यादीत होता. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाच्या १९८०च्या मतदानात तो दुसरा आला. हा करंडक बहुतेकदा चेंडू घेऊन धावणाऱ्याला किंवा फेकणाऱ्याला जातो. निव्वळ बचावात खेळणाऱ्याने दुसरं यावं, हे अचंबित करणारं होतं. पहिला आला साऊथ कॅरोलिनाचा जॉर्ज रॉजर्स. त्याच हंगामाच्या अखेरीस गेटर बोल या सामन्यात दोन्ही संघ समोरासमोर आले आणि पिट्सबर्गने ३७-९ असा विजय मिळवला. १९७९ आणि १९८० या दोन हंगामांत मिळून हा संघ फक्त दोन सामने हरला.

ग्रीनच्या विरोधात एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. फळीच्या दुसऱ्या टोकाला रिकी जॅक्सन होता, जो पुढे एनएफएलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्यामुळे सगळा जोर एकट्या ग्रीनवर लावणं प्रतिस्पर्ध्यांना परवडत नसे. डोनाल्डला अशी सोबत नव्हती. तो दोन-दोन जणांना अंगावर घेत खेळला. एकाच हंगामाची तुलना असती, तर मी २०१३चा डोनाल्डच निवडला असता. कॉलेजची सगळी वर्षं धरली, तर मात्र माझं मत ग्रीनला.