पकडवीर ते न्यायमूर्ती : ॲलन पेज

पाऊस ओसरला, भात कापून झाले, की आपल्या अलिबाग-मुरुड-श्रीवर्धन पट्टीत कबड्डीच्या सामन्यांना रंग चढतो. हॅलोजनचे दिवे लागतात, मैदानाभोवती दोरी बांधली जाते आणि लाऊडस्पीकरवरून नावे पुकारली जातात. नाव गाजते ते चढाई करणाऱ्याचे. कोपऱ्यात उभा राहून त्याचा पाय धरणारा, सगळा भार अंगावर घेऊन धुळीत पडणारा पोरगा मात्र सुजलेला गुडघा घेऊन घरी जातो. अशा पोरांच्या आयांनी आम्हाला अनेकदा विचारले आहे, "खेळून याला मिळणार काय?" त्या प्रश्नाला धरूनच आज एका परदेशी पकडवीराची हकीकत वाचकांपुढे ठेवत आहोत.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबुळका, तो हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. मधोमध दोन्ही संघांचे धिप्पाड गडी समोरासमोर वाकून उभे राहतात. एका बाजूची रांग चेंडू फेकणाऱ्याला जपते, तर दुसरी ती रांग फोडून त्याला जमिनीवर लोळवते. या रांगेतल्या गड्याला म्हणतात लाईनमन. आपल्या भाषेत सांगायचे तर पकडीचा गडी. मार सर्वांत जास्त त्यालाच, आणि त्याच्या हाती चेंडू आला तर तो योगायोगच!

ॲलन पेज हे असेच रांग फोडणारे लाईनमन. जन्म ७ ऑगस्ट १९४५, ओहायो राज्यातील कॅन्टन गावी, कृष्णवर्णीय कुटुंबात. गाव पोलादाच्या कारखान्यांचे. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला, तेव्हा ॲलन आठ वर्षांचा होता. आईवडिलांचा शिक्षणावर कटाक्ष होता. दिवसभर भट्टीपाशी तेच ते काम करणारी माणसे पाहून आपल्याला हे नको, असे मुलाच्या मनाने घेतले. त्याच सुमारास टीव्हीवर पेरी मेसन नावाच्या वकिलाची मालिका लागत असे. छान मोटार, छान कपडे, बुद्धीचे काम! वकील व्हायचे वेड तिथून लागले, हे पेज यांनी पुढे हसत सांगितले आहे.

कॅन्टनमध्येच व्यावसायिक फुटबॉलच्या थोर खेळाडूंचे स्मारकभवन उभे राहात होते. ते १९६३ साली उघडले. त्याच्या बांधकामावर तरुण ॲलनने मजुरी केली. पंचवीस वर्षांनी, १९८८ साली, त्याच भवनात त्यांचा अर्धपुतळा बसला.

अंगाने उंचनिंच, सहा फूट चार इंच. नोत्र दाम विद्यापीठात खेळता खेळता राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि १९६७ साली मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाने त्यांना पहिल्याच फेरीत उचलले. इतर लाईनमनच्या मानाने वजन कमी. पण चेंडू हलला रे हलला की पेज समोरच्याच्या अंगावर पोहोचलेले असत. १९७१ साली ते संपूर्ण स्पर्धेतील सर्वांत मोलाचे खेळाडू ठरले. तोवर हा मान बचावाच्या गड्याला कधी मिळाला नव्हता, आणि त्यानंतर मिळाला तो एकदाच, १९८६ साली. पंधरा हंगामांत २१८ सामने, एकही न चुकवता! अंतिम सामना मात्र त्यांच्या संघाने चार वेळा गाठला आणि चारही वेळा गमावला.

येथे दुसऱ्या एका लाईनमनची आठवण द्यावी लागते. पिट्सबर्गचे माईक वेबस्टर रांगेच्या अगदी मधोमध उभे राहात. त्यांच्या संघाने अंतिम सामना चार वेळा जिंकला. सतरा हंगाम डोक्याने टकरा झेलल्या आणि निवृत्तीनंतर हा माणूस भ्रमिष्टासारखा झाला. काही काळ आपल्या गाडीतच झोपत असे. २००२ साली वयाच्या पन्नाशीत ते गेले. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांचा मेंदू तपासला तेव्हा वारंवार बसलेल्या धक्क्यांनी तो आतून खराब झाल्याचे दिसले. पुढे साडेचार हजारांवर माजी खेळाडू न्यायालयात गेले आणि २०१३ साली फुटबॉल संघटनेने ७६ कोटी ५० लाख डॉलर देण्याची तयारी दाखवली. अंगाच्या जोरावर पोट भरणाऱ्याचे पुढे काय होते, हे आपल्या माथाडी आणि गोदी कामगारांच्या घरांत कोणी वेगळे सांगायला नको.

पेज यांना हे खेळता खेळताच उमगले होते. खेळाडूंच्या युनियनमध्ये ते प्रतिनिधी म्हणून काम करत. मालकांशी वाटाघाटी करताना कायद्याचे वाचन वाढले. एकदा कायद्याच्या कॉलेजात नाव घातले आणि तीनच आठवड्यांत सोडून दिले. काही केल्या डोक्यात शिरेना! हे आम्ही मुद्दाम लिहितो. कारण पहिल्या परीक्षेत नापास झाल्यावर वह्या माळ्यावर टाकणारी मुले आमच्या पाहण्यात आहेत. काही वर्षांनी, १९७५ साली, त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा प्रवेश घेतला आणि संघात खेळत असतानाच १९७८ साली कायद्याची पदवी मिळवली.

त्याच सुमारास पत्नी डायेन यांनी सिगारेट सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली आणि नवराही सोबत धावू लागला. धावता धावता त्यांचे वजन उतरले. लाईनमन असा वाळलेला कसा चालेल? व्हायकिंग्जने १९७८ च्या हंगामातच त्यांना काढून टाकले. शिकागो बेअर्सने अवघे शंभर डॉलर भरून हा मोहरा उचलला आणि १९८१ पर्यंत तो तिथे खेळला. १९७९ साली तर पेज यांनी मॅरेथॉन पूर्ण केली. हा खेळ खेळत असतानाच मॅरेथॉन पुरी करणारे ते पहिले व्यावसायिक खेळाडू. त्याच वर्षी वकिलीही सुरू झाली. पुढे ते राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कचेरीत गेले.

मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मतदारांनी निवडायचे असतात. १९९२ साली एका जागेची मुदत संपत होती. पेज उभे राहणार होते. तेवढ्यात गव्हर्नरांनी त्या जागेवरील न्यायाधीशांची मुदत वाढवली आणि निवडणूकच टळली! पेज न्यायालयात गेले. प्रश्न त्याच न्यायालयातील खुर्चीचा, म्हणून खास वेगळे न्यायपीठ बसले आणि निकाल लागला, की निवडणूक घ्यावीच लागेल. आपल्या महाडच्या चवदार तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला होता, तळ्यावरच्या सत्याग्रहानंतर दहा वर्षे. म्हणून न्यायालयातल्या अशा विजयाचे मोल या जिल्ह्यातल्या लोकांना लवकर कळते. पेज निवडून आले आणि जानेवारी १९९३ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. पुढे तीनदा मतदारांनी त्यांनाच कौल दिला. सत्तराव्या वर्षी, नियमाप्रमाणे, २०१५ साली ते निवृत्त झाले.

पण आम्हाला सर्वांत भावली ती १९८८ ची गोष्ट. स्मारकभवनातील गौरवाच्या वेळी आपली ओळख करून द्यायला बहुतेक खेळाडू जुन्या प्रशिक्षकाला बोलावतात. पेज यांनी बोलावले मिनियापोलिसमधील एका शाळेच्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांना. भाषणात सामन्यांच्या बढाया नव्हत्या. संघाच्या बैठकीत खेळाची वही मोठ्याने वाचायला सांगितली तेव्हा कॉलेजातून आलेल्या काही गड्यांना ती धड वाचताही येईना, हा प्रसंग त्यांनी सांगितला. अंगात बळ होते म्हणून शाळा-कॉलेजांनी त्यांना तसेच पुढे ढकलले होते! त्याच वर्षी पतिपत्नींनी पेज एज्युकेशन फाउंडेशन काढले. गोरेतर मुलांना उच्च शिक्षणासाठी पैसा द्यायचा. अट एकच, की त्यांनी लहान शाळकरी मुलांना शिकवायला वेळ द्यायचा. हजारो मुले या वाटेने शिकली. २०१८ साली पेज यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. त्याच्या काही आठवडे आधीच डायेनबाई गेल्या होत्या.

मिनियापोलिसमधील एका शाळेला अलेक्झांडर रॅमसी या गव्हर्नरांचे नाव होते. तेथील मूळच्या सू आदिवासींना नष्ट करा किंवा राज्याबाहेर हाकला, असे १८६२ साली म्हणणारे हे गृहस्थ! विद्यार्थ्यांनीच नाव बदलण्याची मागणी लावून धरली आणि २०१७ साली शाळेला न्यायमूर्ती पेज यांचे नाव मिळाले. नामांतरासाठी सोळा वर्षे झगडलेल्या आपल्या माणसांना यातला आनंद कळेल.

पेज शाळांत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जातात. मुलांना न्यायालय, पदक यांचे काही नसते. त्यांचे लक्ष जाते करंगळीकडे. खेळताना मोडलेली ती करंगळी हाताशी काटकोन करून बाहेर वळलेली आहे. "दुखते का?" हा ठरलेला प्रश्न. शेवटी २०१३ साली पेज यांनी आपल्या शिक्षिका मुलीबरोबर त्या करंगळीवरच मुलांसाठी एक पुस्तक लिहिले.