पेप्टाइडचे मोजमाप आणि नमुन्याची पार्श्वभूमी

रक्तातील एखाद्या प्रथिनाचे प्रमाण किती, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळदा उपचारांची दिशा ठरते. कर्करोगामुळे थायरॉइड ग्रंथी काढून टाकल्यानंतर रुग्णाच्या रक्तातील थायरोग्लोब्युलिन या प्रथिनावर लक्ष ठेवण्यात येते. ते वाढू लागल्यास रोग पुन्हा उद्भवल्याची शंका घेतली जाते. परंतु काही रुग्णांच्या रक्तात याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत हे प्रमाण प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. अशा वेळी द्रव्यमान वर्णपटमापक हे उपकरण उपयोगी पडते.

या पद्धतीत ट्रिप्सिन या एंझाइमाच्या साहाय्याने रक्तरसातील प्रथिनांचे लहान तुकडे करण्यात येतात. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. प्रतिपिंडे ही स्वतः प्रथिनेच असल्यामुळे त्यांचेही तुकडे होतात व त्यांचा अडथळा दूर होतो. मग केवळ थायरोग्लोब्युलिनपासूनच मिळणारे एखादे पेप्टाइड निवडून ते मोजले जाते. मात्र रेणूवर विद्युत्भार आला, तरच उपकरणाला तो टिपता येतो. त्यासाठी द्रावणाचे विद्युत्क्षेत्रात सूक्ष्म तुषार करतात. प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंसाठी हे तंत्र विकसित करणारे जॉन फेन हे २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते.

अडचण उद्भवते ती या तुषारातच. एक लिटर रक्तरसात एकट्या अल्ब्युमिनचे प्रमाण ३५ ते ५० ग्रॅम असते. शोधावयाचे थायरोग्लोब्युलिन एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असू शकते. म्हणजे दोहोंत काही कोटी पटींचे अंतर पडते. प्रत्येक थेंबावरील विद्युत्भार मर्यादित असतो आणि इतर पेप्टाइडे, क्षार व स्निग्ध पदार्थ त्यात वाटेकरी होतात. परिणामी हव्या त्या पेप्टाइडचा संकेत दबतो. तेच पेप्टाइड तेवढ्याच प्रमाणात शुद्ध द्रावणात असल्यास संकेत मोठा मिळतो. दोन रुग्णांचे रक्तही सारखे नसते, म्हणून ही घटही सर्वत्र सारखी नसते. उलटपक्षी, जवळपास तेवढ्याच द्रव्यमानाचा परका रेणू मिसळल्यास प्रमाण फाजील दिसते.

यावर मुख्य उपाय म्हणजे त्या पेप्टाइडचे ‘जड जुळे’ होय. कार्बन-१३ व नायट्रोजन-१५ हे समस्थानिक वापरून ते तयार करतात आणि नमुन्यात ठराविक प्रमाणात मिसळतात. त्याचे रासायनिक वर्तन मूळ पेप्टाइडसारखेच असते. फरक असतो तो केवळ वजनाचा. पार्श्वभूमी दोघांचेही संकेत सारखेच दाबते, त्यामुळे त्यांचे परस्पर गुणोत्तर टिकून राहते आणि त्यावरून खरे प्रमाण काढता येते. तुलनेची प्रमाण द्रावणेही शुद्ध पाण्यात न करता रक्तरसासारख्याच पार्श्वभूमीत करणे श्रेयस्कर असते.

तथापि, या उपायालाही मर्यादा आहेत. प्रथिनाचे तुकडे अपुरे झाले, तर नंतर मिसळलेल्या जुळ्याला ती त्रुटी भरून काढता येत नाही. संकेत पार लोपल्यास गुणोत्तरही विश्वसनीय राहत नाही. म्हणून नमुन्याचे शुद्धीकरण व रेणूंचे पृथक्करण आधी काळजीपूर्वक करावे लागते. उपकरण कितीही सूक्ष्मग्राही असले, तरी कोणत्या पार्श्वभूमीत मोजमाप पडताळले गेले, यावरच अहवालातील आकड्याची विश्वासार्हता अवलंबून असते.