'पिक अप' म्हणजे फक्त उचलणं नाही! माल, वारा आणि भाव, अर्थ कसा ओळखाल?

रावेर, सावदा, यावल भागात 'पिकअप' म्हटलं की केळीने भरलेली छोटी गाडी डोळ्यांसमोर येते. धुळ्यात कुणाच्या बाइकला 'पिकअप' नसतो, कुणी फोन 'पिकअप' करत नाही. शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. पण इंग्रजी मेसेजमध्ये तो आला की अनेकदा गोंधळ होतो. मेसेज भावाचा किंवा हवामानाचा असेल, तर हा गोंधळ महागात पडू शकतो.

समजा, व्यापाऱ्याकडून हे दोन मेसेज आले:

'बायर विल पिक अप द लॉट टुमारो.' म्हणजे खरेदीदार उद्या माल उचलणार.

'डिमांड विल पिक अप टुमारो.' म्हणजे उद्या मागणी वाढणार. इथे गाडी येणार असं कुणीही म्हटलेलं नाही. त्या भरवशावर घड कापून ठेवले, तर माल बांधावर पडून राहील.

फरक कसा ओळखायचा?

वाक्याला विचारा: काय पिक अप? कोणाला पिक अप?

उत्तर मिळालं, तर अर्थ त्या उत्तरावर ठरतो:

- माल, पार्सल: उचलणं, घेऊन येणं.
- माणूस: गाडीवर आणायला जाणं. 'मला देवपूरहून घे' हे 'पिक मी अप फ्रॉम देवपूर' असं होतं. मी, यू, हिम, हर हे शब्द मधेच येतात. 'पिक अप मी' चूक.
- भाषा, सवय: ऐकून-बघून आपोआप शिकणं. बाहेरगावहून धुळ्यात आलेलं पोर गल्लीत खेळता खेळता अहिराणी बोलायला लागलं, की त्याने अहिराणी 'पिक अप' केली.
- आजार: लागण होणं.
- बिल: नुसतं हातात घेणं नाही, पैसे भरणं.
- संशयित: पोलिसांनी ताब्यात घेणं.

उत्तर मिळालं नाही, तर बहुतेक वेळा अर्थ वाढणं, सुधारणं, जोर धरणं असा असतो. धंदा, वेग, पाऊस, वारा यांच्याबाबत हेच लागू होतं.

'विंड्स विल पिक अप बाय इव्हिनिंग' म्हणजे संध्याकाळपर्यंत वाऱ्याचा जोर वाढेल. केळी उत्पादकासाठी हा धोक्याचा इशारा आहे. केळीचं खोड लाकडाचं नसतं, पानांचे थर एकमेकांवर गुंडाळून ते तयार होतं. त्यामुळे घडाच्या ओझ्याने वाकलेलं झाड सोसाट्याच्या वाऱ्यात सहज मोडतं. मे-जूनच्या वादळांत जळगाव जिल्ह्यातल्या बागा आडव्या होतात, त्या यामुळेच. टेकू द्यायचे तर हाताशी संध्याकाळपर्यंतचाच वेळ आहे, हे त्या एका ओळीत सांगितलेलं असतं.

एक अपवाद: 'शी डिडन्ट पिक अप' म्हणजे तिने फोन उचलला नाही. इथे 'फोन' हा शब्द गृहीत धरलेला असतो.

मराठीत तरी काय वेगळं?

'भावाने उचल खाल्ली', 'मुकादमाकडून उचल घेतली', 'फोन उचल', 'पोलिसांनी त्याला उचललं'. चारही ठिकाणी 'उचल' आहे, तरी आपण अडखळत नाही. कारण आपण सुटा शब्द ऐकत नाही, शेजारचे शब्दही ऐकतो. इंग्रजी मेसेज वाचतानाही तेच करायचं. अर्थांची यादी पाठ करत बसू नका, आधी 'काय?' आणि 'कोणाला?' विचारा.