परदेशांतील आजारी मुलाचें दत्तविधान

दत्तविधान हा शब्द मराठी घरांना नवा नाहीं. वंश चालावा, पितरांना पिंड मिळावा, वतन दुसऱ्याच्या हातीं जाऊं नये, यासाठीं पूर्वीं दत्तक घेत असत. दत्तक बहुधा भाऊबंदांतला असे, मुलगाच असे, आणि तो धडधाकट आहे याची खात्री करून घेऊनच त्याला मांडीवर बसवीत. म्हणजे विचाराचा आरंभ घराण्याच्या गरजेपासून होई. गेल्या शतकांत ही दृष्टि पालटली. दत्तविधान मुलासाठीं आहे, घराण्यासाठीं नव्हे, हें तत्त्व आतां बहुतेक ठिकाणच्या कायद्यांनीं मान्य केलें आहे. या तत्त्वाची खरी कसोटी लागते ती मूल परक्या देशांतलें असून शिवाय आजारी किंवा जन्मतः व्यंग असलेलें असतें तेव्हां. अमेरिकेंतील व युरोपांतील हजारों दांपत्यांनीं असें मूल घरीं आणिलें आहे. परदेशीं स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांपुढेंही हा प्रश्न येतो. त्यांनीं कोणत्या गोष्टींचा विचार करावा, हें नीट पाहण्यासारखें आहे.

मुलें एका देशांतून दुसऱ्या देशांत दत्तक जाण्याची प्रथा मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि विशेषतः १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धानंतर. युद्ध संपलें तरी हा ओघ थांबला नाहीं. उलट त्यांत पैसा शिरला आणि पैशापाठोपाठ खोटे कागद शिरले. ज्या मुलांचे आईबाप हयात होते त्यांचीही अनाथ म्हणून नोंद झाली. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानें मार्च २०२५ मध्यें याची जबाबदारी शासनावर ठेविली. असे प्रकार थांबावेत म्हणून २९ मे १९९३ रोजीं हेग येथें आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यांत २००३ सालीं सामील झाला. या करारानें एक क्रम घालून दिला आहे. मुलाला प्रथम जन्मदात्या घरांतच राहतां येईल काय हें पाहावें. तें शक्य नसेल तर त्याच्याच देशांत घर शोधावें. आणि तेंही न मिळालें तरच परदेशाचा विचार करावा.

या क्रमाचा परिणाम स्पष्ट दिसतो. अमेरिकेंत २००४ सालीं परदेशांतून सुमारें २३ हजार मुलें दत्तक आलीं होतीं. २०२३ सालीं ही संख्या तेराशेंच्याही खालीं गेली. निरोगी तान्ह्या मुलासाठीं भारतांतच दांपत्यें वर्षानुवर्षें वाट पाहत असतात. मागें राहतात तीं मोठीं झालेलीं मुलें, ताटातूट होऊं नये अशीं भावंडें आणि आजारी मुलें. चीनमधून अमेरिकन घरांत ८० हजारांहून अधिक मुलें गेलीं. त्यांत आरंभीं निरोगी मुलींचा भरणा होता, पुढें वैद्यकीय उपचारांची गरज असलेल्या मुलांचा झाला. २०२४ सालीं चीननें नात्यांतील अपवाद वगळून ही वाट बंदच केली. सारांश, परदेशी दत्तविधानाचा विचार करणाऱ्या घराला आतां बहुतेक वेळां आजाराचाही विचार करावा लागतो.

येथें पहिला प्रश्न उभा राहतो तो न्यायाचा. शस्त्रक्रियेचा खर्च झेपत नाहीं एवढ्याच कारणासाठीं गरीब आईबापांनीं मूल सोडलें असेल, तर त्यांना हवें होतें तें साहाय्य, दत्तक घेणारा नव्हे. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया भारतांत अनेक रुग्णालयांत विनामूल्य होते. ही माहिती वेळेवर मिळाली तर मूल आईपाशींच राहूं शकतें. म्हणून मूल कायद्यानें मोकळें कसें झालें, आईबापांचा शोध घेतला काय, त्यांनीं समजून-उमजून संमति दिली काय, हें विचारण्याचा दत्तक घेणाऱ्यांना अधिकार आहे, आणि तें त्यांचें कर्तव्यही आहे. पुढें तेंच मूल मोठें होऊन हाच प्रश्न त्यांना विचारणार असतें.

यानंतर हातीं येतात ते मुलाचे कागद. भारतांत परदेशी दत्तविधानाला शिस्त आली ती लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं दिलेल्या निर्णयानें. ‘कारा’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या व्यवस्थेंत आतां प्रत्येक मुलाचा एक परिस्थितीचा व एक वैद्यकीय असे दोन अहवाल मिळतात. वैद्यकीय अहवाल संमति देण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांना दाखविण्याची मुभा असते. ती प्रत्येकानें घ्यावी. मात्र अहवाल म्हणजे संपूर्ण मूल नव्हे. सांपडलेल्या मुलाची जन्मतारीख अंदाजानें लिहिलेली असते. आईचें गरोदरपण कसें गेलें, घराण्यांत कोणते रोग आहेत, हे रकाने कोरे राहतात. कधीं लहानशा दोषाला भारदस्त नांव मिळतें, तर कधीं मोठा दोष कोणाच्या लक्षांतच आलेला नसतो.

अशा कागदांचें वाचन हें वैद्यकशास्त्राचें एक अंगच होऊन बसलें आहे. अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत १९८६ सालीं यासाठीं पहिलें चिकित्सालय निघालें. जाणता डॉक्टर रोगाच्या नांवापाशीं थांबत नाहीं. तो वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांचे निरनिराळ्या महिन्यांतील आंकडे मागतो. कारण एका दिवसाच्या आंकड्यापेक्षां वाढीची चाल अधिक सांगते. मूल नजर देतें काय, हांकेला वळतें काय, दोन्ही हात सारखे वापरतें काय, हें तो चलच्चित्रांत पाहतो. आणि अखेरीस तो भविष्य सांगत नाहीं. उत्तम काय होईल, अधम काय होईल आणि बहुधा काय होईल, एवढेंच सांगतो.

आजार सगळे एका तोलाचे नसतात. ढोबळ मानानें त्यांचे तीन वर्ग करतां येतील. पहिला वर्ग, ज्यांची दुरुस्ती बव्हंशीं होऊं शकते अशा दोषांचा. जन्मतः आंत वळलेलें पाऊल हें याचें उत्तम उदाहरण. आयोवा येथील डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांच्या पद्धतीनें तें दर आठवड्याला थोडें थोडें सरळ करून नवें प्लास्टर घालतात, बहुधा टांचेमागील स्नायुरज्जूला लहानसा छेद देतात, आणि पुढें चार-पांच वर्षांचें होईपर्यंत मुलाला रात्रीं पट्टी जोडलेले विशिष्ट बूट घालतात. प्लास्टर डॉक्टर घालतो. बूट मात्र रोज रात्रीं रडणाऱ्या मुलाच्या पायांत आईबापांनाच चढवावे लागतात, आणि त्यांत खंड पडला कीं पाऊल पुन्हा वळूं लागतें.

दुसऱ्या वर्गांत काळ हाच मुख्य शत्रु असतो. सुमारें ७०० जन्मांमागें एक मूल दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन येतें. ओठ तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास आणि टाळू दीड वर्षाच्या आंत शिवणें इष्ट. टाळू उघडी राहिलेल्या मुलाला म आणि न म्हणतां येतात, पण प, ब, ट, स हे वर्ण म्हणतांना हवा नाकावाटे निसटते. असें मूल चौथ्या वर्षीं परदेशांत गेलें तर त्याला नवी टाळू आणि नवी भाषा एकदमच शिकावी लागते. हृदयाच्या पडद्यांतील छिद्राची गोष्ट याहून गंभीर आहे. लहान छिद्रें पुष्कळदां आपोआप बुजतात. परंतु मोठें छिद्र फार काळ तसेंच राहिलें तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांवर ताण पडून त्या कायमच्या बिघडतात, आणि मग छिद्र बंद करण्याची वेळ निघून गेलेली असते. अशा मुलाच्या बाबतींत कागदांचा सहा महिन्यांचा विलंब हा केवळ कचेरीचा विलंब राहत नाहीं.

तिसरा वर्ग जन्मभर सोबत करणाऱ्या आजारांचा. तीव्र थॅलेसीमिया असलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनीं रक्त चढवावें लागतें, आणि त्या रक्तानें शरीरांत सांचणारें लोह काढण्यासाठीं सतत औषध द्यावें लागतें. अस्थिमज्जेच्या रोपणानें हा रोग बरा होऊं शकतो. परंतु जुळणारी मज्जा मिळण्याची सर्वांत चांगली आशा सख्ख्या भावंडांकडून असते. दत्तक मुलाचीं सख्खीं भावंडें कोठें आहेत हें बहुधा कोणालाच ठाऊक नसतें. उलट एच्.आय्.व्ही.ची बाधा असलेल्या मुलाचें नांव ऐकून लोक दचकतात. पण नियमित औषध मिळालें तर असें मूल शाळेंत जातें, खेळतें, आणि दीर्घायुषी होऊं शकतें. घरांत एकत्र जेवल्यानें किंवा कुशींत घेतल्यानें हा रोग पसरत नाहीं. तेव्हां भय रोगाच्या नांवावरून ठरवूं नये. रोज काय करावें लागेल आणि किती वर्षें, यावरून ठरवावें.

तथापि, सर्वांत दूरवर पोंचणारें दुखणें पुष्कळदां अहवालाच्या कोणत्याच रकान्यांत नसतें. तें संस्थेंत काढलेल्या दिवसांचें असतें. रूमानियांत डिसेंबर १९८९ मध्यें चाउसेस्कूची राजवट कोसळली तेव्हां तेथील संस्थांत एक लाखाहून अधिक मुलें आढळलीं. तेथून इंग्लंडांत दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आंत संस्थेंतून सुटलेलीं मुलें बहुतेक इतरांसारखीं वाढलीं. अधिक काळ राहिलेल्या पुष्कळांच्या वागण्यांतील व लक्ष देण्यांतील अडचणी प्रेमळ घर मिळूनही टिकल्या, जरी कांहीं मुलें त्यांतूनही सुखरूप निघालीं. त्या संस्था अत्यंत निकृष्ट होत्या, आणि सर्व शिशुगृहें तशीं नसतात हें खरें. तरीही डॉक्टरांचा सर्वसाधारण अनुभव असा कीं, संस्थेंतील दर तीन महिन्यांमागें मुलाची सुमारें एक महिन्याची वाढ खुंटते. पहिल्याच भेटींत कोणाच्याही गळ्यांत पडणारें मूल पाहून पाहुणे त्याला लाघवी म्हणतात. जाणकाराला तेथें आपलें माणूस कोण हें ज्याला कधीं कळलेंच नाहीं असें मूल दिसतें. ओठ दोन तासांत शिवतां येतो. हा विश्वास शिवायला वर्षें लागतात.

म्हणून मूल कसें आहे याच्या इतकाच घर कसें आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दर तीन आठवड्यांनीं रुग्णालयांत कोण जाणार? नोकरींतून रजा मिळेल काय? त्या रोगाचा तज्ज्ञ आपल्या शहरांत आहे काय? विमा कोणता खर्च देतो आणि कोणता देत नाहीं? घरांत आधींचीं मुलें असतील तर त्यांच्या वांट्याचा वेळ कोठून येणार? मूल स्वतंत्र होऊं शकलें नाहीं तर आपल्यामागें त्याचें कोण? पतिपत्नींपैकीं एकाचा उत्साह आणि दुसऱ्याचें मौन, ही संमति नव्हे. आजीआजोबांच्या मनांतील शंकाही आधींच बोलून घेतलेल्या बऱ्या. नंतर त्या मुलाच्या देखत बोलल्या जातात.

हे प्रश्न टाळले तर काय होतें याचीं उदाहरणें जगापुढें आहेत. एप्रिल २०१० मध्यें अमेरिकेच्या टेनेसी राज्यांतील एका बाईनें आपल्या सात वर्षांच्या दत्तक मुलाला, हातीं एक चिठ्ठी देऊन, एकट्यालाच विमानानें मॉस्कोला परत पाठविलें. संस्थेनें मुलाची खरी स्थिति लपविली, असें तिचें म्हणणें होतें. २०१३ सालीं रॉयटर्स या वृत्तसंस्थेनें उघडकीस आणिलें कीं, परदेशांतून आणिलेलीं मुलें न झेपल्यामुळें कांहीं अमेरिकन आईबाप तीं जाहिरातीवरून अनोळखी माणसांच्या स्वाधीन करीत होते. त्यांतील अनेकांच्या मनांत आरंभीं दया नसेल असें म्हणवत नाहीं. पण दयेच्या भरांत दिलेली संमति पहिल्या कठीण वर्षांतच आटूं शकते, आणि एकदां सोडलेलें मूल दुसऱ्यांदा सोडलें जातें. याउलट, कागद वाचून, डॉक्टरांना विचारून, आपलें बळ ओळखून जें कुटुंब वेळीच नकार देतें, तें मुलाचें अहित करीत नाहीं. योग्य घरासाठीं त्याची वाट मोकळी ठेवतें. अशा नकाराची लाज बाळगण्याचें कारण नाहीं. लाजिरवाणा आहे तो आणल्यानंतरचा नकार.

होकार दिल्यानंतरही कांहीं कर्तव्यें उरतात. भारतांतून परदेशीं गेलेल्या मुलाच्या प्रगतीचे अहवाल दोन वर्षें पाठवावे लागतात. पहिल्या वर्षीं दर तीन महिन्यांनीं, दुसऱ्या वर्षीं दर सहा महिन्यांनीं. नागरिकत्वाचे कागद ताबडतोब पुरे करावेत. अमेरिकेंत अशा मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा २०००चा कायदा फेब्रुवारी २००१ मध्यें अमलांत आला. त्या दिवशीं वयाचीं अठरा वर्षें उलटून गेलेलीं कांहीं माणसें आईबापांच्या हयगयीमुळें परकींच राहिलीं, आणि कांहींना त्यांना परक्या झालेल्या जन्मभूमींत परत घालविण्यांत आलें. याखेरीज मुलाचें पहिलें नांव, तें ज्या गांवीं सांपडलें त्या गांवाचें नांव, त्याला सांभाळणाऱ्या बायांचीं छायाचित्रें, हें सर्व जपून ठेवावें. आपला आजार आणि आपला उगम या दोन्ही गोष्टी मुलाला त्याच्या वयाला समजतील अशा शब्दांत आईबापांकडूनच कळाव्यात.

जुन्या विधींत मुलगा घराण्याला शोभेल काय हें पाहत. येथें घर मुलाला पुरेल काय हें पाहावयाचें असतें. ज्या घराला अधम तें घडेल असें धरूनही होय म्हणतां येतें, त्या घरानें मग विलंब लावूं नये. कारण मूल तिकडे वाढत असतें, आणि शस्त्रक्रियेची असो वा मायेची असो, त्याची वेळ कोणासाठीं थांबत नाहीं.