बँड चार म्हणजे नेमकं काय?

उपग्रहाच्या निरीक्षणांची फाईल उघडली की आधी चित्र दिसत नाही, नावांची यादी दिसते. लँडसॅटच्या फाईलमध्ये ‘क्लाउड कव्हर’ असतं, तर सेंटिनेल-२ च्या फाईलमध्ये ‘क्लाउडी पिक्सेल पर्सेंटेज’. लँडसॅट सूर्याचा कोन क्षितिजापासून वर मोजून देतं, सेंटिनेल माथ्यावरच्या बिंदूपासून खाली. दोन्हींची बेरीज ९० अंश होते, म्हणून हा फरक किरकोळ वाटतो. पण एकाच्या जागी दुसरा कोन सूत्रात गेला की सकाळच्या चित्रातली जमीन आहे त्याहून उजळ किंवा काळपट निघते, आणि कुठेही लाल अक्षरांत चूक दाखवली जात नाही.

माझं काम ही नावं एका ओळीत आणण्याचं. एका रकान्यात फाईलमधलं नाव, शेजारी सर्वांनी मान्य केलेलं प्रमाण नाव, मग एकक, मग व्याख्या. लांबून हे काम कारकुनी वाटतं. पण रकाना भरायला बसल्यावर प्रत्येक ओळीला एकच प्रश्न अडवतो: या उपकरणानं खरोखर काय मोजलं? त्याचं उत्तर शब्दकोशात नसतं, ते उपकरणाच्या रचनेत आणि हवेच्या, पाण्याच्या, प्रकाशाच्या वागण्यात शोधावं लागतं.

पिकांचा हिरवेपणा मोजायचं सूत्र अगदी साधं आहे. निकट-अवरक्त किरणांच्या परावर्तनातून लाल किरणांचं परावर्तन वजा करायचं आणि दोन्हींच्या बेरजेनं भागायचं. १९८४ साली गेलेल्या लँडसॅट-५ वर लाल बँड तिसरा होता आणि निकट-अवरक्त चौथा. आपल्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ कॅमेऱ्यातही हेच क्रमांक आहेत. त्यामुळे ‘चारमधून तीन वजा’ हे कित्येकांच्या बोटांत बसलेलं. मग २०१३ मध्ये लँडसॅट-८ आला. त्यात किनाऱ्याचं उथळ पाणी आणि हवेतले सूक्ष्म कण टिपणारा नवा निळा बँड पहिल्या क्रमांकावर घातला गेला आणि मागचे एकेक घर पुढे सरकले. आता चौथा लाल झाला, तिसरा हिरवा. जुनं सूत्र नव्या फाईलवर चालवलं तर लालातून हिरवा वजा होतो. समजा, भरघोस उसाच्या शेतावरून लाल किरणं ४ टक्के, हिरवी ८ टक्के आणि निकट-अवरक्त ४५ टक्के परतली. खरं उत्तर ०.८४ यायला हवं, पण येतं उणे ०.३३. नकाशावर तो ऊस पाण्यासारखा दिसेल. प्रोग्राम मात्र बिनतक्रार चालतो.

या गोंधळावर उपाय म्हणून उपग्रह-चित्रांच्या सूच्यांसाठी स्टॅक नावाचं मानक वापरतात. त्यात बँडला क्रमांकाशिवाय एक सामाईक नाव मिळतं: ‘रेड’, ‘ग्रीन’, ‘एनआयआर’. आणि तिथेही पुन्हा अडायला होतंच. सेंटिनेल-२ वर निकट-अवरक्ताचे दोन बँड आहेत. आठवा रुंद, सुमारे १०० नॅनोमीटरचा. ‘आठ-ए’ अरुंद, जेमतेम २० चा. लँडसॅट-८ चा पाचवा या अरुंद भावाला जवळचा. दोघांना एकच नाव दिलं तर तुलना बिघडते, म्हणून अरुंदासाठी ‘एनआयआर-०८’ असं वेगळं नाव आहे. माझ्या मते तेवढ्यावरही थांबू नये. नावाशेजारी मध्य-तरंगलांबी आणि पट्ट्याची रुंदी लिहिलीच पाहिजे. आपला आयआरएस-१ए १९८८ च्या मार्चमध्ये गेला. त्याच्या चौथ्या बँडपुढे ०.७७ ते ०.८६ मायक्रोमीटर एवढं नोंदलेलं असलं, की मराठवाड्यातल्या एखाद्या शिवाराचं तेव्हाचं आणि आत्ताचं चित्र शेजारी ठेवताना कशाची तुलना चालली आहे हे तरी कळतं.

कोनांचं प्रकरण याहून फसवं. ‘व्ह्यू अँगल’ एवढंच लिहिलेलं असतं. पण हा कोन उपग्रहापाशी मोजला की जमिनीवरून? मोडिस हे उपकरण ७०५ किलोमीटर उंचीवरच्या कक्षेसाठी बांधलं गेलं आणि ते दोन्ही बाजूंना ५५ अंशांपर्यंत बघतं. पृथ्वी सपाट असती तर जमिनीवरूनही तेच ५५ आले असते. पृथ्वी वाकलेली असल्यामुळे कडेच्या ठिकाणी उभं राहून उपग्रहाकडे पाहिलं तर तो माथ्यापासून ६५ अंशांहून थोडा जास्त कललेला दिसतो. सरळ वरून येणाऱ्या किरणापेक्षा अशा तिरप्या किरणाला सुमारे २.४ पट हवा ओलांडावी लागते. चुकून ५५ धरला तर हिशेब १.७ पटीचा होतो, आणि धुरक्याची दुरुस्ती अर्धवट राहते. हवामानाच्या आकडेवारीसाठी वापरल्या जाणाऱ्या सीएफ संकेतांमध्ये म्हणूनच ‘सेन्सर व्ह्यू अँगल’ आणि ‘सेन्सर झेनिथ अँगल’ ही दोन वेगळी नावं आहेत आणि प्रत्येकाच्या व्याख्येत कोन कुठून मोजायचा ते लिहिलेलं आहे.

वेळेचा प्रश्न त्या मानानं सोपा: जागतिक प्रमाणवेळ लिहा, आणि ती निरीक्षणाची आहे की फाईल तयार झाल्याची, ते सांगा.

सगळ्यांत जास्त वेळ मी समुद्राच्या तापमानापाशी घालवते. ‘एसएसटी’ ही तीन अक्षरं सगळेच वापरतात. अवरक्त किरणं मोजणारं उपकरण पाण्याच्या वरच्या १० ते २० मायक्रोमीटर थराचंच तापमान सांगतं. हा थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. सूक्ष्मलहरींचं उपकरण साधारण मिलिमीटरभर खालचं सांगतं. तरंगता बोया त्याहून खाली बुडालेला. आणि दिवसाच्या उन्हाचा परिणाम पोचत नाही असं जे पाणी, त्याचं तापमान आणखी वेगळं. सीएफमध्ये या थरांना ‘स्किन’, ‘सबस्किन’ आणि ‘फाउंडेशन’ अशी वेगळी नावं आहेत. वारा वाहता असेल तर यांत अंशाच्या काही दशांशांचाच फरक असतो. पण वारा पडलेल्या कडक उन्हाच्या दुपारी वरचं पाणी खालच्यापेक्षा दोन-तीन अंशांनीही तापू शकतं.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना देते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरही ती पोचते. समुद्राचं तापमान जिथे थोड्या अंतरात झपकन बदलतं, तिथे खाद्य आणि मासळी जमण्याची शक्यता असते, म्हणून अशा सीमा शोधल्या जातात. आता कुणी दुपारच्या फेरीचं स्किन तापमान आणि पहाटेच्या फेरीचं सबस्किन तापमान एकाच ‘एसएसटी’ नावाखाली जोडलं, तर दोन चित्रांच्या शिवणीवर एक ठळक सीमा उमटेल. पाण्यात ती नसेलच. होडीचं डिझेल जाळून तिथवर जाणाऱ्याला ते कळण्याचा काही मार्ग नाही. म्हणून या नावांबाबत मी हट्टी आहे.

सीएफमध्ये नवं नाव घालायचं तर नाव, एकक आणि व्याख्या मांडावी लागते आणि मग जगभरचे लोक उघडपणे प्रश्न विचारतात. खाली येणारं प्रारण एकाच दिशेचं, की निव्वळ वजाबाकी? परावर्तन वातावरणाच्या माथ्यावरचं, की जमिनीवरचं? उपग्रहाचं नाव यात येऊ देत नाहीत, त्यासाठी दुसरी जागा आहे. तापमान हे कुणीही मोजलं तरी तापमानच. स्पेलिंग अमेरिकन, सगळी अक्षरं लहान, शब्दांमध्ये अंडरस्कोर. एखाद्या शब्दावर महिनोन्‌महिने चर्चा चालते आणि बाहेरच्याला तो काथ्याकूट वाटतो. मला मात्र त्या चर्चा वाचताना उपकरणांविषयी जेवढं कळलं, तेवढं माहितीपुस्तिकांतून क्वचितच कळलं असेल.

आणि एकदा दिलेलं नाव ते पुसत नाहीत. हवेच्या उभ्या स्तंभातल्या बाष्पाला पूर्वी ‘अ‍ॅटमॉस्फिअर वॉटर व्हेपर कंटेंट’ म्हणत. नुसतं ‘कंटेंट’ म्हटलं तर वस्तुमान की मोल, हे स्पष्ट होत नाही. आता प्रमाण नाव ‘अ‍ॅटमॉस्फिअर मास कंटेंट ऑफ वॉटर व्हेपर’ असं आहे, आणि जुनं नाव त्याचं उपनाव म्हणून तक्त्यात शिल्लक आहे. त्यामुळे जुन्या नावानं साठवलेल्या फायलीतलं बाष्प कोणतं, हे आजच्या प्रोग्रामलाही त्या तक्त्यातून शोधता येतं.