लंडनला मुक्काम लांबला असेल तर...

मुलांकडे लंडनला दोन-तीन महिने राहायला आलेल्या मंडळींसाठी ही पोस्ट. लंडन आय, मादाम तुसाँ वगैरे पहिल्या आठवड्यातच उरकतं. पुढे काय?

आमचं उत्तर सोपं: लाल डबलडेकर, वरचा मजला, अगदी पुढची सीट. २०२५ मध्ये भाडं १.७५ पाउंड, त्यात तासाभरात कितीही बस बदला. रोख पैसे घेत नाहीत. दोघांनी दोन वेगळी कार्डं टेकवायची, एकाच कार्डावर दोघं चालत नाहीत! २४ नंबरची बस हॅम्पस्टेड हीथहून कॅमडेन, ट्रफाल्गर स्क्वेअर, पार्लमेंट करत पिम्लिकोला जाते. टूर बसचे पैसे वाचले.

आमच्या ह्यांचं लाडकं ठिकाण मात्र ग्रिनिचचं. कटी सार्क जहाजाशेजारी काचेच्या घुमटाची गोल इमारत दिसते. आत जिना उतरला की थेम्सच्या खालून जाणारा पादचारी बोगदा! १९०२ चा, पांढऱ्या टाइल्सचा, फुकट. पलीकडच्या गोदीत कामाला जाणाऱ्या मजुरांसाठी तो बांधला. मध्यापर्यंत उतार, मग चढ. बोललं की आवाज घुमतो. पलीकडे आयलंड गार्डन्समधून ग्रिनिचचं जे दृश्य दिसतं, ते ग्रिनिचमध्ये उभं राहून दिसत नाही.

चॉक फार्म स्टेशनजवळ १०, किंग हेन्रीज रोड चुकवू नका. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर इथे राहत. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं. निघण्याआधी घर बघायच्या वेळा तपासा. डबा जवळच्या प्रिमरोझ हिल टेकडीवर खा. वारा भन्नाट असतो, स्वेटर हवाच.