वळणावर टेकणारा सायलेन्सर

जुनी फटफटी विकत घेताना माणूस टाकीचा रंग बघतो, किक मारून आवाज ऐकतो, फार तर मागचं चाक हलवून बेअरिंग तपासतो. खाली वाकून सायलेन्सरचं पोट बघणारा क्वचितच भेटतो. पण गाडी कुठे आणि कशी चालली, हे तिथे नेमकं उमटलेलं असतं. पोटाच्या मधोमध पुढून मागे गेलेले ओरखडे गतिरोधकाचे असतात. बाहेरच्या कडेला तिरका, सपाट झिजलेला पट्टा असेल तर तो वळणाचा. पहिली खूण फक्त खडखडाटाची असते. दुसरी खूण सांगते की ही गाडी कधीतरी आपल्या कलण्याच्या मर्यादेपर्यंत जाऊन आली आहे.

गोंदिया जिल्ह्यात पहिली खूण जास्त दिसणं साहजिक आहे. हा धानाचा मुलूख. वैनगंगेच्या बाजूला तिरोडा आणि गोंदिया तालुके बरेचसे सपाट आहेत, रस्ते बांध्यांमधून सरळ जातात. गाडी कलते ती गावाच्या चौकात किंवा तलावाच्या पाळीवरच्या वळणावर, तेवढीच. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे मात्र भूगोल बदलतो. सालेकसा तालुक्यात दरेकसा आणि हाजरा फॉलच्या भागात डोंगर आहेत. मुंबई–हावडा रेल्वेमार्गाला तिथे बोगद्यातून जावं लागतं. देवरीहून चिचगडकडे रस्ता जंगलात शिरतो. सडक अर्जुनीकडून देवरीकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ५३ वर शशीकरण पहाडीचा चढ लागतो. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी सालेकशाकडे मोटारसायकलींची रीघ लागते, बहुतेकींवर दोन-तीन माणसं आणि वर सामान. सपाटीवर वर्षभर निभावलेला सायलेन्सर पहिल्यांदा टेकतो तो अशा ठिकाणी.

आणि हा सायलेन्सर बऱ्याचदा कंपनीचा नसतो.

तीन गाड्या, तीन नळ्या

जुन्या गाड्या म्हटलं की तीन नावं आधी निघतात. पहिली बुलेट. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि इंग्लंडच्या रेडिचमधला ३४६ सीसीचा एक सिलिंडर इथे बनू लागला. तिची नळी उजवीकडून खाली उतरते आणि लांब सायलेन्सर मागच्या चाकाशेजारी आडवा होतो. दुसरी जावा, पुढे येझदी झालेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून ती बाहेर पडू लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. तिच्या २५० सीसीच्या मॉडेलात सिलिंडर एकच, पण धूर बाहेर जायला दोन वाटा, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. तिसरी यामाहाची आरएक्स १००. एस्कॉर्ट्सच्या साथीने १९८५ साली आलेली, ९८ सीसीची, ११ अश्वशक्तीची हलकी गाडी. १९९६ मध्ये ती थांबली, पण तिची किंमत अजून चढतेच आहे.

या तिघींना बाजारातला सायलेन्सर बसवायची हौस वेगवेगळी. बुलेटवाल्याला ठोका हवा असतो. त्याच्यासाठी दुकानात नावांची रांगच आहे: पंजाब, इंदोरी, लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, मेगाफोन, डॉल्फिन, गोल्डस्टार. शेवटचं नाव बीएसएच्या गोल्ड स्टार या इंग्लिश गाडीवरून आलेलं. येझदीवाला सायलेन्सर न बदलता आतली जाळी काढून टाकतो. आरएक्सवाल्याला वेग हवा असतो, म्हणून तो फुगीर पोटाची चेंबरवाली नळी शोधतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रीच्या नाटकाला पोरं गाडीवर निघतात, तेव्हा कोणती गाडी येते आहे हे दिवा दिसायच्या आधीच कळतं.

या सगळ्या निवडीत कान पुढे असतो. नळी किती खाली लोंबते आणि किती बाहेर येते, हे दुकानात कुणी विचारत नाही. गाडीचा आराखडा करणाऱ्याला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

पोट कुठे ठेवायचं

टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर म्हणजे नुसती धूर जाण्याची वाट नव्हे. सिलिंडरमधून सुटलेली दाबाची लाट नळीच्या फुगीर भागात पसरते, पुढच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे शास्त्र पक्कं केलं. १९६१ मध्ये त्यांचा चालक अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळून सुझुकीला मिळाला आणि ते ज्ञान जपानला पोचलं. आरएक्स १०० च्या नळीतही तेच तत्त्व आहे.

अडचण अशी की लाट वेळेवर परतायची तर पोटाची लांबी आणि जाडी ठरलेली असावी लागते, आणि एवढं मोठं पोट ठेवायला गाडीत सोयीची जागा इंजिनाखालीच असते. रेसिंगवाल्यांनी या कोड्यात डोकं घातलं. १९७४ च्या सुमारास यामाहाच्या चार सिलिंडरच्या टीझेडमध्ये चारही नळ्या खालून नेल्या होत्या. गाडी कलताना टेकू नये म्हणून त्यांची पोटं चपटी केली. चपटा पत्रा कंपनाने तडकू लागला. नंतरच्या आवृत्तीत नळ्या पुन्हा गोल केल्या, तीन खाली ठेवल्या आणि चौथी वरून फिरवली. होंडाने १९८४ च्या एनएसआर ५०० मध्ये सगळंच उलटं केलं: पेट्रोलची टाकी इंजिनाखाली आणि नळ्या वर. खाली जागा मोकळी झाली, पण गाडीचं वागणं बिघडलं आणि वरच्या नळ्यांच्या उष्णतेने चालक व मेकॅनिक दोघेही हैराण झाले. पुढच्याच वर्षी होंडा जुन्या मांडणीवर आली.

फोर-स्ट्रोकमध्येही हीच ओढाताण होती. होंडा सीबी ७५० ही १९६९ ची गाडी दोन्ही बाजूंना दोन-दोन सायलेन्सर मिरवत आली. १९७१ साली जपानी इंजिन-तज्ज्ञ योशिमुरांनी अमेरिकेतल्या ओंटारिओच्या शर्यतीत तिच्या चार नळ्या एकीत आणल्या. वजन उतरलं, ताकद वाढली आणि डावी-उजवी गर्दी कमी झाली. बाहेरच्या बनावटीचा सायलेन्सर ही कल्पना तिथून जगभर पसरली. तेव्हा आवाज हा त्या बदलाचा फक्त एक भाग होता.

अंशांचा हिशेब

वळणात गाडी किती कलणार हे चालकाच्या मनावर नसतं. वेग आणि वळणाची त्रिज्या ते ठरवतात. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाला साधारण २३ अंश कलावं लागतं, ५० ला ३३ आणि ६० ला ४३. या टप्प्यात वेग १० ने वाढला की कल साधारण १० अंशांनी वाढतो.

आता गाडीकडे बघू. समजा सायलेन्सरची सर्वांत बाहेरची खालची कड जमिनीपासून १८ सेंटिमीटर उंच आहे आणि चाकाच्या मध्यरेषेपासून २६ सेंटिमीटर बाहेर आहे. साध्या त्रिकोणाने ही कड जवळपास ३५ अंशांवर टेकेल, म्हणजे त्या वळणावर ताशी ५१ किलोमीटरला. दुसरा सायलेन्सर अडीच सेंटिमीटर खाली बसला तर मर्यादा ३१ अंश आणि ४८ किलोमीटर. क्लँपमुळे तो अडीच सेंटिमीटर बाहेरही सरकला तर २९ अंश आणि ४६ किलोमीटर. त्यात मागचे शॉकअब दोन सेंटिमीटर बसलेले असले तर २५ अंश आणि ताशी ४२. बोटभर-बोटभर गेलेल्या उंचीने ताशी ९ किलोमीटरची सवड खाल्ली.

प्रत्यक्षात हिशेब याहून कडक असतो. कललेल्या गाडीवर भार वाढतो: ३० अंशांवर स्प्रिंगला सुमारे १५ टक्के जास्त वजन पेलावं लागतं, म्हणजे गाडी वळणात आणखी बसते. शिवाय टायरला रुंदी असते. टायर जितका रुंद, तितकी गाडी त्याच वेगाला जास्त कलवावी लागते. जुन्या रिमवर हौसेने रुंद टायर चढवणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. त्याला रस्त्यावर जास्त रबर मिळाल्याचं समाधान असतं, पण सायलेन्सर आणि जमीन यांच्यातलं अंतर त्याने स्वतःच कमी केलेलं असतं.

जुन्या गाडीची खरी गोची इथे आहे. कारखान्यातून निघताना तिची जी उंची होती ती आता उरलेली नाही. तीस-चाळीस वर्षांत स्प्रिंग दबलेले असतात, शॉकअबमधलं तेल गळून गेलेलं असतं, स्विंगआर्मचे बुश झिजलेले असतात, मेन स्टँडचा अडसर वाकून स्टँड खाली लोंबत असतो. धानाचं पोतं आणि मागे माणूस बसला की ती आणखी खाली जाते. अशा गाडीला लांब बाटलीचा सायलेन्सर लावणं म्हणजे आधीच संपत आलेल्या शिलकीतून उचल करणं.

टेकल्यावर काय होतं

सगळं टेकणं सारखं नसतं. पायदान बिजागरीवर असेल तर ते टेकताच वर दुमडतं आणि चालकाला सूचना मिळते. सायलेन्सर दुमडत नाही. त्याचा पातळ पत्रा आधी घासला जातो, तोवर ठीक. पण त्यामागे क्लँपचा बोल्ट, ब्रॅकेटचा कोपरा किंवा स्टँडचा दांडा असतो. तो रस्त्याला भिडला की तरफेसारखं काम करतो आणि मागचं चाक जमिनीवरून उचलतो. चाक सुटलं की पकड सुटली. बहुतेक चालक त्या क्षणी घाबरून थ्रॉटल सोडतात आणि पुढचा ब्रेक दाबतात. गाडी पुढून आणखी बसते, वळणातून सरळ निघून बाहेरच्या बाजूला जाते.

आपल्याकडे बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो. म्हणजे उजव्या वळणावर तो टेकतो, आणि डावीकडून चालणाऱ्या आपल्या वाहतुकीत उजव्या वळणाची आतली बाजू म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांची बाजू. उजवीकडे सायलेन्सर असण्याची सोयही मोठी आहे. मागे एका बाजूने बसणारी बाई पाय डावीकडे सोडून बसते, तिचा पाय आणि लुगडं तापलेल्या नळीपासून दूर राहतं. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं आवरण असावं, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे. येझदीच्या दोन सायलेन्सरांमुळे ही सोय गेली आणि दोन्ही बाजूंना घासण्याची शक्यता आली.

रोवणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट वाढते. चिखलणी करून निघालेले ट्रॅक्टर लोखंडी चाकांसह डांबरावर येतात आणि बांधीतला चिखल वळणावर सांडत जातात. ओल्या चिखलावर टायर घसरणं आणि पत्रा टेकणं एकत्र आलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

कायदा कशाला हात घालतो

कायद्याचं लक्ष आवाजावर आहे. कारखान्यातून निघणाऱ्या दुचाकीसाठी आवाजाची मर्यादा ठरलेली आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८०. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ बनावटीत बदल करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि प्रदूषणाचं प्रमाण मोडल्यास कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवला आहे.

जुन्या गाडीवाल्याची अडचण वेगळी. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. मूळ सायलेन्सर गंजून गेलेला, कंपनी बंद पडलेली, मूळ सुटा भाग मिळत नाही. मग बाजारातला सायलेन्सर ही हौस राहत नाही, गरज होते. अशा माणसासाठी प्रश्न सायलेन्सर बदलायचा की नाही हा नसतोच. कोणता आणि कसा बसवायचा, एवढाच उरतो.

बसवण्याआधी

क्रम उलटा धरला की काम सोपं होतं. आधी शॉकअब आणि स्प्रिंग नीट करावेत, टायर मूळ मापाचा ठेवावा, मेन स्टँड वर चढतो का ते बघावं. मग सायलेन्सर घ्यावा तो मूळ नळीच्या आकाराचा, आतल्या जाळीसह. टू-स्ट्रोकला जाळी काढल्याने आवाज वाढतो, वेग वाढेलच असं नाही. फोर-स्ट्रोकला मोकळी नळी लावून कार्ब्युरेटरचं जेट तसंच ठेवलं तर मिश्रण पातळ होतं आणि थ्रॉटल सोडताना फटाके वाजतात. त्या फटाक्यांना ताकद समजण्यात अर्थ नाही.

बसवताना क्लँपचा बोल्ट वरच्या किंवा आतल्या बाजूला फिरवावा. नंतर दोघांना गाडीवर बसवावं, एकाने बाहेरून सरळ फळी टायरच्या कडेपासून सायलेन्सरपर्यंत टेकवावी आणि फळीचा जमिनीशी कोन मोजावा. मोबाइलमध्ये कोन मोजायची सोय असते. मूळ नळीने मिळत होता त्याहून हा कोन कमी भरला तर ब्रॅकेट वेल्डिंगवाल्याकडून वर उचलून घ्यावं. काम अर्ध्या तासाचं आहे.

पोलिसांकडे आवाज मोजायचं यंत्र आहे आणि परिवहन कार्यालयात नळीचा आकार बघणारा निरीक्षक. कलण्याचा कोन मोजणारं कार्यालय मात्र कुठेच नाही, त्यामुळे ही तपासणी गाडीच्या मालकालाच करावी लागते. देवरीच्या किंवा दरेकशाच्या वाटेला लागण्याआधी ती अंगणात करून घेणं स्वस्त पडतं.